मतदार यादीचं वाळवण

सुकदेवला मुलगी पाहायला जायचं होतं आणि प्रिंटर आडवा आला. हे तिसऱ्यांदा.

पहिल्या वेळी फैजपूरच्या एका कचेरीतला होता. दसऱ्याच्या पूजेला तिथल्या मंडळींनी त्याच्यावर मनापासून अक्षता वाहिल्या होत्या, आणि एकेक तांदूळ चिमट्याने काढेपर्यंत धुळ्याची शेवटची गाडी निघून गेली. दुसऱ्या वेळी नशिराबादला. तिथला बिघडलाच नव्हता, त्याची पिन बोर्डात खोचायची राहिली होती. पण समोर अख्खं संचालक मंडळ बसलेलं, आणि मंडळाचा चहा झाल्याशिवाय मेकॅनिकने तोंड उघडायचं नसतं. तेव्हा मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला होता की शनिवारी पाच वाजता या, नाही तर मग येऊच नका.

आता तो शनिवार होता. मे महिना, साल पंच्याण्णव. सुकदेवची आई आणि निंबामामा सकाळीच जळगावहून धुळ्याला गेले होते. सुकदेवही जाणार होता, पण तो ज्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता तिथले शेठ म्हणाले, "जाता जाता धरणगाव करून घे. तासाभराचं काम आहे." गेल्या दोन वर्षांत शेठनी सांगितलेलं प्रत्येक काम तासाभराचं होतं. त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला जी ताकद लागते ती एस.टी.तच संपून जायची.

धरणगावच्या शेतकी संघात निवडणूक होती. सभासदांची यादी पाच वाजेपर्यंत फलकावर लागली नाही तर निवडणूक पुढे जाणार, आणि निवडणूक पुढे गेली तर नोकरी जाणार, असं संघाचे मुख्य कारकून लीलाधरभाऊ यांनी सुकदेवला दारातच सांगितलं. कोणाची नोकरी ते सांगितलं नाही, पण रुमालाने घाम पुसला स्वतःचाच.

"चपला बाहेर," ते म्हणाले.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेरच काढायच्या असतात, तसा नियम कोणी केला हे कोणालाच माहीत नव्हतं. सुकदेवने बूट काढले. मुलगी पाहायला म्हणून घातलेल्या नव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. नवा मोजा, जुना अंगठा. त्याने तो दुसऱ्या पायाखाली घेतला आणि खोलीत शिरला.

आत मात्र स्वर्ग होता. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि आत खिडकीला भलामोठा कूलर, वाळ्याचा वास, ताडपत्रीवर पाणी ठिबकल्यासारखा एकसारखा टपटप आवाज. कॉम्प्युटरला गारवा लागतो असं लीलाधरभाऊंनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं काम ते अर्धवट करत नसत. कॉम्प्युटर गार, प्रिंटर गार, टेबल गार, खुर्ची गार. नऊ वाजल्यापासून त्या गारव्यात सुकदेव घाम गाळत होता, कारण प्रिंटर पाच-सहा पानं सरळ छापायचा आणि सातव्या पानाला कागद गोळा करून चघळायचा.

त्याने रिबन बदलली. केबल बदलली. हेड काढून स्पिरिटने पुसलं. कागद ओढणाऱ्या दातेरी चाकांत तेलाचा थेंब सोडला. कागदाच्या जाडीचा खटका एक घर पुढे केला, मग मागे केला. प्रिंटर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला आणि थोडा वेळ त्याच्याकडे नुसताच बघत बसला. हाही दुरुस्तीचा एक प्रकार आहे. त्याने काही होत नाही, पण गिऱ्हाइकाला वाटतं विचार चाललाय.

एक वाजता संघाचे शिपाई भिकननाना दारात येऊन उभे राहिले. "काय भाऊ, काय शे त्याले?"

"बघतोय नाना."

"सकायपाईन बघीच राहिना तू."

पावणेतीनची धुळ्याची गाडी पावणेतीनलाच गेली. एरवी ती कधीच वेळेवर नसते. सुकदेवने खिडकीतून तिची धूळ पाहिली आणि सातवं पान प्रिंटरच्या तोंडातून ओढून काढलं. आतापर्यंत साठ-सत्तर सातवी पानं झाली होती.

साडेतीनला फोन वाजला. लीलाधरभाऊंनी उचलला, ऐकला, आणि म्हणाले, "धुळ्याहून. तुमचे मामा. तुम्ही कुठे आहात विचारतात."

"धरणगावला म्हणून सांगा."

"ते मी सांगितलं. ते म्हणतात, का आहात?"

सुकदेवने रिसीव्हर घेतला. मामा मुलीच्या वडिलांच्या प्रेसमधून बोलत होता. रतिलालभाऊंची धुळ्यात लग्नपत्रिका छापायची प्रेस होती, आणि फोन तिथेच होता. "भाच्या, दुपारपासून वाट बघतोय, पोहे निवून गेले," मामा खालच्या आवाजात म्हणाला. "तुझी माय दोनदा पदराने डोळे पुसून आली. रतिलालभाऊ म्हणतात की..." तेवढ्यात फोन त्याच्या हातातून गेला.

"रतिलाल बोलतोय. नाव?"

"सुकदेव."

"ते माहीत आहे. शिक्षण?"

"इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा."

"मग प्रिंटर दुरुस्त का होत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर डिप्लोमाच्या तिन्ही वर्षांत कुठे आलं नव्हतं. लीलाधरभाऊ बाजूलाच कान लावून उभे होते, त्यांनी जिभेने 'च्च' केलं. भिकननानांना ते सहन झालं नाही. त्यांनी सरळ रिसीव्हर ओढून घेतला आणि धुळ्यापर्यंत बिनफोनचंही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पाव्हना, पोऱ्या चांगला शे! सकायपाईन जेवेल नही. फक्त मशीन त्यानं ऐकस नही!"

आणि रिसीव्हर परत देऊन, आपण जमवून दिलं अशा चेहऱ्याने दारात जाऊन बसले.

पलीकडे कुजबुज झाली. बांगड्या वाजल्या. मग एक आवाज आला, "मी सुनंदा."

सुकदेवने कॉलर सरळ केली.

"काय होतंय नेमकं?" तिने विचारलं.

आवड काय, देवधर्म करता का, पुढे मुंबईला जायचा विचार आहे का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याने एस.टी.त पाठ केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. दोन वर्षांत त्याला हा कोणी विचारलाच नव्हता. सगळे एवढंच विचारायचे, किती वेळ लागेल.

"पाच-सहा पानं नीट येतात," तो म्हणाला, आणि मग थांबेचना. "मग दोन पानं एकमेकांना चिकटल्यासारखी एकदम जातात. कडेची भोकं फाटतात, कागद गोळा होतो. रिबन, केबल, हेड, चाकं, सगळं बघून झालं. मशीनमध्ये काहीच नाहीये. मला वाटतं दोष माझ्यातच आहे."

"तुमच्यामागे पाणी कसलं पडतंय?"

"कूलर आहे."

"आणि कागद कुठे ठेवलाय?"

सुकदेवने वळून पाहिलं. कागदाचा खोका कूलरच्या बरोबर समोर स्टुलावर, तोंड उघडं करून ठेवला होता. लीलाधरभाऊंनी कागदालाही गारव्यातून वगळलं नव्हतं.

"कूलरसमोर," तो म्हणाला.

"पावसाळ्यात आमच्या ट्रेडलला, छपाईच्या मशीनला, असंच होतं. कागद सादळतो, दोन-दोन एकत्र उचलले जातात. मशीनला बाबा शिव्या देतात आणि मशीनचं काही नसतं. उन्हात घाला."

"मी हात लावला होता त्याला," सुकदेव म्हणाला. "ओला लागला. मला वाटलं माझाच घाम."

पलीकडे कोणीतरी हसलं. ती की मामा, कळलं नाही. मग रतिलालभाऊंचा आवाज आला. "पाचला येताय की नाही, तेवढं सांगा."

घड्याळात पावणेचार झाले होते. सुकदेवने खोका पाहिला, लीलाधरभाऊंचा रुमाल पाहिला. "आज नाही जमणार," तो म्हणाला, आणि लाइन तुटली. तिकडून तोडली की आपोआप तुटली, हेही कळलं नाही.

पुढचा पाऊण तास सुकदेव त्याबद्दल विचार करू शकला नाही, कारण शेतकी संघाच्या गच्चीवर वाळवण घातलं होतं. कागद सलग होता, एकाला एक जोडलेला, तो गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चार फेरे पसरला. शेजारच्या गच्चीवर एक म्हातारी कुरडया राखत बसली होती. तिने बराच वेळ पाहून विचारलं, "काय घातलं लीलाधरभाऊ, एवढं पांढरं?"

"मतदार यादी, अक्का."

"वाळली का बरी लागते?"

संघाचे मुख्य कारकून अनवाणी, दोन्ही हातांत विटा घेऊन, कागदाच्या कडेने धावत होते, कारण वारा सुटला होता. एक टोक उडून खाली कडुलिंबाच्या सावलीत उभ्या असलेल्या शेळीच्या पुढ्यात पडलं. तिने तीन पानं खाल्ली. भिकननाना जिन्यावरून शिव्या देत उतरेपर्यंत ती चौथ्यावर आली होती.

"खाऊ द्या," सुकदेव म्हणाला. "कोरीच होती."

मेच्या उन्हात कागद पंधरा मिनिटांत पापडासारखा वाजायला लागला. भिकननानांनी तो घडीघडीने, साडीची घडी घालतात तसा मिटला. सुकदेवने कूलर बंद केला. लीलाधरभाऊंना आपल्या डोळ्यांदेखत गारवा मरताना पाहवेना, ते खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. सहावं पान आलं. सातवं आलं. आठवं आलं. बाहेरून लीलाधरभाऊ आवाजावर मोजत होते. पाचला सात मिनिटं असताना यादी फलकावर लागली, आणि पाचला पाच मिनिटं असताना पहिल्या सभासदाने आपलं नाव चुकीचं छापलंय म्हणून तक्रार केली.

सुकदेव खुर्चीत बसून होता. खोलीत आता बाहेरच्याइतकंच गरम होतं. धुळ्याला पाच वाजले असतील, हे त्याच्या मनात आलं, जसं काही धुळ्याला वेगळे वाजतात. आई परतीच्या गाडीत काय बोलणार तेही त्याला पाठ होतं.

फोन वाजला. मामा.

"भाच्या, संपलं. रतिलालभाऊ म्हणाले आता बोलावणं नाही."

"बरं," सुकदेव म्हणाला.

"अरे बरं काय, ऐक पुढे! मुलगी म्हणाली, त्यांना कशाला बोलावता, ते यायचेच नाहीत. आपणच जाऊ पाहायला. मंगळवारी प्रेस बंद असते, ती आणि बाप जळगावला येताहेत. अकरा वाजता. तुझी माय म्हणते, अशी रीत आपल्यात नाही. मी म्हटलं, ताई, पोहे तर आपल्यालाच करायचेत, रीत त्यांची त्यांना बघू दे."

सुकदेवने फोन ठेवला. ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. या वेळी शेठ होते.

"झालं ना धरणगाव? बघ, म्हटलं होतं तासाभराचं आहे. आता मंगळवारी यावल. कागद अडकतोय म्हणतात. सकाळी पहिल्या गाडीने."

"मंगळवारी जमणार नाही."

पलीकडे शेठना बहुधा वाटलं की लाइन दुसऱ्याच कोणाला लागली आहे. "कोण बोलतंय?"

"सुकदेव."

"काय झालं? मुलगी पाहायला जायचंय का पुन्हा? संध्याकाळी जा. यावल तासाभराचं आहे."

"मी जात नाहीये," सुकदेव म्हणाला. "मला पाहायला येणार आहेत."

दारात भिकननाना चहाचे दोन कप घेऊन उभे होते.

"मग बुधवारी," शेठ शेवटी म्हणाले, जरा हळू आवाजात.

"बुधवारी बघू," सुकदेव म्हणाला, आणि चहा घेतला.