मोअय्यदी साहेबांचं प्यादं

मुलगी मागायला आलेल्या प्रत्येकाशी मोअय्यदी साहेब बुद्धिबळाचा एक डाव खेळतात, हे अर्ध्या इस्फहानला ठाऊक होतं. दुसऱ्याच चालीला ते उंटापुढचं प्यादं फुकट देऊ करतात, हे त्यांच्या मुलीने, नस्तरनने, तिला मागणी घालायला आलेल्या कियूमर्सला आधीच कळवलं होतं. या सुरुवातीला किंग्ज गॅम्बिट म्हणतात. पुस्तकाचं मत, घेऊन टाकावं. कियूमर्सने महिनाभर घेण्याचीच तयारी केली होती.

साहेबांनी प्यादं सरकवलं आणि मिठाईची बशी पुढे करावी तशा सुरात म्हणाले, "घ्या ना. आपलंच आहे."

इथेच घात झाला. पहिल्याच आग्रहाला घेतो तो कसल्या घरचा!

"नको नको, कशाला त्रास," कियूमर्सच्या तोंडून निघून गेलं, आणि हाताने प्यादं न घेता उंट बाहेर काढला. शेजारी त्याच्या आईने समाधानाने मान डोलावली.

"माझं प्यादं नासकं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"छे, छे!"

"मग मी तुमचं घेतो." त्यांनी त्याचं राजापुढचं प्यादं उचललं.

कियूमर्सने पटाकडे पाहिलं. आता वजिराने शह दिला की साहेबांचा हत्ती गेलाच. बोट सुटताच साहेबांनाही ते दिसलं, मिशी थरथरली. जिंकावं तर मुलगी गेली. न दिसल्यासारखं करावं तर जावई बावळट. आणि दया केलीय हे कळलं, तर मग संपलंच. नस्तरन चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

"खेळा," साहेब म्हणाले.

त्याने शह दिला. पुढच्या शहाला राजा वाचवता वाचवता हत्ती उघडा पडला.

"घ्या."

"नको, साहेब."

"घ्या हो."

"खरंच नको, आत्ताच जेवून—"

"घ्या म्हणतो ना!"

तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे अपमान. कियूमर्सने हत्ती घेतला.

साहेबांनी आपला राजा आडवा करून डाव सोडला. मग साहेब म्हणाले, "मुलगा चांगला आहे. मी एक डाव जिंकलो की साखरपुडा करू. शुक्रवारी या."

आई आनंदाने रडायलाच लागली.

दाराशी बूट घालताना कियूमर्स कुजबुजला, "शुक्रवारी हरतो मी."

"मुद्दाम हरलेलं बाबांना लगेच कळतं हं," नस्तरन म्हणाली.

"बरं, मग ते खरोखर शेवटचं कधी जिंकले होते?"

ती आठवू लागली. कियूमर्सने दुसरा बूट घातला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. ती अजून आठवतच होती.