तीन नंबर साफ

मुंजाजीला ह्यात काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढं कुणी त्याला भोळा म्हणायला नको. एक कॅसेट. कोरी त्यानंच आणायची, भरायचीही त्यानंच. बाकी मजुरी नको म्हणाला. वडवणीच्या स्टँडसमोर रेडिओ-टेप दुरुस्त करणारा, सेल बदलायचेही वेगळे पैसे लावणारा हा माणूस फुकट राबायला तयार झाला, तेव्हाच मी ओळखलं की सौदा मोठा आहे. माझं बियाण्याचं दुकान त्याच्या शेजारीच. तिसऱ्या साली पाऊस नाही, बी कोण घेतो? मी आपला त्याच्या दारात बसून असे.

दुरुस्तीला आलेलं टेपचं मशीन आमच्या शेतकरी सोसायटीचं. बहात्तरच्या दुष्काळात परदेशी सिनेमावाले आले होते, खडी फोडणाऱ्या बायांची गाणी त्यांनी ह्याच्यावर भरली आणि जाताना मशीन, फीत सोसायटीला भेट देऊन गेले. सोसायटीनं ते पंचवीस वर्षं खताच्या पोत्यांखाली सांभाळलं. आता रौप्यमहोत्सव आला. चेअरमन आबासाहेबांना आमदारकीचं तिकीटही खुणावत होतं. मग सेक्रेटरी मोहनरावांना मशीन आठवलं.

"वाजंल का बे हे?" मोहनरावांनी विचारलं.

"वाजवतो. पर छबुबाईचा आवाज निघाला तर मला एक कॅसेट भरून घ्यायची."

"कोण छबुबाई?"

"माझी माय."

छबुबाई त्याच खडीच्या दुष्काळी कामावर, मुरमाची दरड अंगावर येऊन गेली. मुंजाजी तेव्हा दोन वर्षांचा. फोटो नाही. त्याला वाढवलं पारूमावशीनं, आणि ती सांगायची की खडी फोडताना तुझी माय ओवीत तुझं नाव घ्यायची. लेकराचं नाव घातल्याशिवाय ओवी पुरी कशी होणार? ते नाव मायच्या तोंडून ऐकायचं, एवढंच मुंजाजीला हवं होतं.

"घे की," मोहनराव म्हणाले. "पर कार्यक्रम झाल्यावर. जुनी फीत हाय, आधीच घासू नको."

मशीनबरोबर माहितीपुस्तक म्हणून एकच पान होतं, तेही परक्या भाषेत, आणि त्याच्या निम्म्यावर उंदरांनी शेरा मारलेला. मुंजाजीनं ते बीडच्या एका प्राध्यापकाला दाखवलं. प्राध्यापकानं लई वेळ बघून सांगितलं की ही जर्मन आहे. ते तर पानावरच्या झेंड्यावरून मलाही कळलं होतं.

मग त्यानं पान खिशात घातलं आणि मशीनलाच विचारायला बसला. आतला पट्टा डांबरासारखा वितळला होता. सायकलच्या ट्यूबमधून कापून नवा बसवला. फुगलेले कंडेन्सर काढले, जुन्या रेडिओतले लावले. खरी अडचण वायरींची होती. साध्या टेपसारखं हे मशीन नव्हतं. एकाच फितीवर शेजारी शेजारी चार वाटा, चार वेगळे आवाज. एक वाट पुसून तिथं नवा आवाज भरला, तरी बाकी तीन जागच्या जागी. कुठली वायर कुठल्या वाटेची हे सांगणारा कागद उंदरांच्या पोटात. मुंजाजी एकेक वायर सोडायचा, पिनेनं हेडवर टकटक करायचा आणि कान लावायचा. जवारीतले खडे वेचावेत तसं चाललेलं.

मध्येच मोहनराव येऊन म्हणाले, "नुसतं वाजून भागायचं न्हाई. भरायचं पण चालू कर. साहेबांचं भाषण भरायचंय."

मुंजाजीनं तेही चालू केलं. मी विचारलं, "भाषणाला साधा टेप चालत न्हाई का रे?" तो म्हणाला, "मोठ्या माणसाचं भाषण मोठ्या मशीनवर."

फीत फिरली त्या दिवशी पारूमावशीला मुद्दाम बोलावलं होतं. मोहनरावही होते. पहिल्या वाटेवर वारा आणि खरखर. दुसरीवर बायांची झील, त्यात मावशी स्वतः. चौथीवर हातोड्यांची ठणठण. आणि तिसरीवर एकटी बाई:

उन्हाच्या डोंगरी मी खडी गं फोडीते,
मुंजाच्या नावानं हातोडा सोडीते.

मावशीनं पदर तोंडाला लावला. मुंजाजी उठून बाहेर टँकरच्या रांगेकडं बघत उभा राहिला. मोहनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लई साफ आवाज हाय बे तुझ्या मायचा."

जाताना ते म्हणाले, बटणांखाली चिठ्ठ्या लाव, पण नावंबिवं नको, मशीन संस्थेचं आहे. म्हणून मुंजाजीनं आवाज कसा येतो तेवढंच लिहिलं: १ खरखर, २ दबका, ३ साफ, ४ ठणठण.

रौप्यमहोत्सवाला मुंजाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला. खिशात कोरी कॅसेट. मावशीला त्यानं पुढच्या रांगेत बसवलं. निवेदक म्हणाला, आता ऐका बहात्तरचा खरा आवाज. मंडपात हातोडे वाजले, बायांची झील उठली, आणि एक गोड, शिकवलेला गळा गाऊ लागला:

उन्हाच्या डोंगरी मी खडी गं फोडीते,
आबाच्या नावानं हातोडा सोडीते.

निवेदकानं सांगितलं, ह्या आबासाहेबांच्या मातोश्री, वच्छलाबाई. मंडप गलबलला. स्टेजवर आबासाहेबांनी रुमाल काढला.

"वच्छला?" मावशी मोठ्यानं म्हणाली. "ती तर मुकादमाच्या तंबूत पान लावीत बसायची."

शेजारच्या बाईनं तिला गप्प केलं.

मुंजाजी स्टेजमागं गेला, मी त्याच्यामागं. मोहनराव हार मोजत होते.

"माझी माय कुठं हाय?"

"म्हंजी?"

"तीन नंबरवर."

"तिथं बीडच्या गाणाऱ्या बाईचा आवाज भरला. रिकामीच होती की ती."

"मोहनराव, तुमी ऐकलंय तिला. माझ्या पाठीवर हात ठेवलता."

मोहनरावांनी मशीनवरची चिठ्ठी दाखवली. "हे अक्षर कुणाचं? तीन साफ. आमची हीर साफ झाली म्हणलं तर पाणी संपलं असंच समजतेत ना? आमी रिकामी समजलो." मग हार देत म्हणाले, "हे घाल. कारागिराचा सत्कार हाय. आणि कॅसेट आणलीस ना, घे भरून."

हार त्यानं घेतला नाही. सगळे जेवायला बसल्यावर चौथी वाट मात्र त्यानं कॅसेटवर उतरवून घेतली. हातोड्यांजवळचा मायक्रोफोन छबुबाईपासून फार लांब नसावा. ठणठणीच्या मागं, शिवाराच्या पलीकडून यावा तसा तिचा आवाज येतो. मी ऐकलाय. "उन्हाच्या डोंगरी" कळतं, "खडी गं फोडीते" कळतं. पुढच्या ओळीत जिथं नाव यायचं, बरोबर तिथंच हातोडा पडतो. ती नावावरच हातोडा सोडायची ना.

आता हिशोब. आबासाहेबांना खडी फोडणारी माय मिळाली आणि तिकीटही. मोहनरावांना सोसायटीत आणखी पाच वर्षं. बीडच्या बाईला शाल, सोसायटीला चालू मशीन. मुंजाजीला कॅसेट मिळाली. बोली एका कॅसेटचीच होती, ती पुरी झाली असं मोहनराव आजही सांगतात. किंमत भरली छबुबाईनं. पहिल्यांदा दरडीखाली, आणि दुसऱ्यांदा तीन नंबरवर, लेकानं नीट केलेल्या मशीननं.