धोंड्याचा महिना

दुपारच्या शांततेत झाकणी खणकली. मी मान वर केली. जंगू होता. माझ्या मांडीला वळसा घालून तो रांगत चुलीपाशी गेला होता आणि पेजेच्या गाडग्यावरची झाकणी त्याने दोन्ही हातांनी खाली ओढली होती. गाडगं निवलेलं होतं म्हणून बरं. त्याने पेजेत मूठ बुडवली, चोखली, परत बुडवली. मी पदर बाजूला केला, "ये रे, ये माझ्या राजा," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. हसलासुद्धा. मग पुन्हा मूठ पेजेत घातली.

भूक लागली की लेकरू आईकडे येतं. माझं येत नाही. हे कसं झालं ते लिहून ठेवते. सासू सुकी मासोळी घेऊन चामोर्शीला गेली आहे, माझी थोरली, सोमारी, अंगणात लाकडाचा बैल ओढते आहे, जंगूचं पोट भरलं की तो इथंच कलंडेल. तेवढा वेळ माझा.

पंचविशीच्या आत मला चार गोष्टी करायच्या होत्या. कागदावर नव्हत्या मांडल्या, बोटांवर धरल्या होत्या. सातवी पास व्हायची. एकटीने डोंगा वल्हवत वैनगंगा ओलांडायची, कारण आम्हा ढिवरांच्या घरात बाई मासोळी चिरते, सुकवते, बाजारात विकते, पण वल्हं तिच्या हाती कोणी देत नाही. आगगाडीत बसायचं. आणि चौथी गोष्ट, चांद्याला राहून दाईचं शिक्षण घ्यायचं, दवाखान्यातलं.

खरं तर चौथीच आधी मनात आली. सोमारीच्या पाठची मुलगी पोटात आडवी आली होती. सासूची थोरली बहीण गावची सुईण. तिला जे येत होतं ते तिने सगळं केलं, माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्स प्रेमिलाबाई बैलगाडीने आल्या. माझं पोट दाबून पाहत म्हणाल्या, "आडवं मूल बाहेरून हात फिरवून वळवता येतं कधीकधी. पण ते शिकावं लागतं गं."

मी पडल्या पडल्या विचारलं, "मले शिकवान?"

"मी नाही. चांद्याला शिकवतात. सातवी लागते. आणि पंचवीस पुरी व्हायच्या आत जावं लागतं, मग घेत नाहीत."

मी चौथी शिकलेली होते. त्या दिवसापासून पंचवीस हा आकडा माझ्या उशाशी येऊन बसला.

सोमारीच्या वडिलांचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, लिहिलं तर चालत असावं. इस्तारी. ते माजरीच्या कोळसा खाणीत आहेत, सणावाराला येतात. मी सातवीच्या परीक्षेला मिशा फुटलेल्या पोरांच्या रांगेत बसून पास झाले तेव्हा म्हणाले, "चौथीची बायको केली होती, बिनखर्चानं सातवीची झाली. आता मॅट्रिक झाली की मले खड्ड्यातून साहेब करून वर काढजो." डोंग्याच्या वेळी तेच घाटावर होते, वल्हं त्यांनीच हातात दिलं आणि पाठ फिरवून बिडी पेटवली, म्हणजे कोणी विचारलं तर पाहिलं नाही म्हणता येईल. पाहिलं ते सासूने. काठावरून ओरडत होती, "बुडशीन तं मासोळ्या खातीन तुले, मंग त्या मासोळ्या मी कोणाले विकू व?" मी पलीकडच्या वाळूला पाय लावला तेव्हा तळहात सोलले होते. परत आले तर तीच हातांना हळद लावायला बसली. आगगाडी मूल गावाहून चांद्यापर्यंत. डोळ्यात कोळशाचा कण गेला, तो चांदा येईपर्यंत निघाला नाही. पण बसले.

राहिली चौथी. त्यात जंगू झाला, धडधाकट, सरळ.

यंदा पाऊस लागताना प्रेमिलाबाईंनी बोलावून सांगितलं, "एक सप्टेंबरला नवी तुकडी आहे. त्या दिवशी पंचवीस पुरी झालेली नकोत. तुझी कधी होतात?"

"पोळ्याले. माहा जलम पोळ्याचा."

बाईंचा चेहरा पडला. "पोळा ऑगस्टात. मग हुकलं."

"नाई बाई! औंदा धोंड्याचा महिना नाई का? दोन श्रावण आहेत. पोळा पार सप्टेंबरात गेला."

बाई एकदम हसल्या. मीही हसले. देवाने खास माझ्यासाठी पंचांगात एक महिना वाढवून घातला, असं आम्हा दोघींना वाटलं. शाळेचा दाखला माझ्याजवळ होता, त्यावर मास्तरांनी माझी जन्मतारीख लिहिली होती, एकवीस ऑगस्ट. ती मी कितीदा वाचली असेन. पण ती तारीख म्हणजे माझ्या लेखी पोळ्याचंच सरकारी नाव होतं. पोळा पुढे गेला की तीही त्याच्या मागे पुढे जाणार, यात विचारायचं काय?

"एक मात्र आहे," बाई म्हणाल्या. "अंगावर पिणारं मूल तिथे आणता येत नाही."

घरी येऊन सासूला सांगितलं. ती जाळं शिवत होती. बराच वेळ सुई चालवत राहिली.

"जाय," म्हणाली. "माह्या बहिणीच्या हातून गेली तुही पोरगी. मी पाहीन या पोट्ट्याले. पण त्याले पिता ठेवून जाशीन तं मी काय माह्या बुढ्या अंगाले लावू? तोडून जाजो."

"येवढ्या लवकर, आत्या? वरीस बी नाई झालं त्याले."

"धोंड्याचा महिना आहे. यात लगन नाई, वास्तू नाई, कायचाच हिशेब नाई. तोडाचं असन तं याच्यातच तोड. देवाचं ध्यान नाई तवर."

रोवणा चालू होता. सकाळभर बांधीच्या चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, दुपारी बांधावर बसून जंगूला पाजायचं, अशी सवय होती. तोडायचं ठरवलं त्या दिवशी आम्ही घरीच राहिलो. सासूने कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटला, गोळा माझ्या हातात दिला आणि उगाच अंगणात कोंबड्या हाकलायला गेली. सोमारी समोर बसून पाहत होती. "काय करून राह्यली, आई?" मी म्हटलं, "मी शिकाले जातो ना, म्हणून."

जंगू नेहमीसारखा आला. गुडघ्यावर उभा राहिला, चोळीची गाठ ओढली, तोंड लावलं. आणि मागे सरला. रडला नाही आधी. माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत, की बाई तीच आहे ना. मग पुन्हा वाकला. पुन्हा तेच. तेव्हा जे रडला ते सासू धावत आली, त्याला उचलून आंब्याखाली घेऊन गेली, आणि मी छातीला लुगड्याचा पट्टा घट्ट आवळून भिंतीकडे तोंड करून बसले. पुढे पुढे तो फक्त वास घेऊन परतायचा. मग वास घ्यायलाही येईना. दूध दगडासारखं व्हायचं. ते पिळून मी आंब्याच्या बुडाशी टाकायची. चुलीजवळ टाकू नको म्हणून सासूने सांगितलं होतं.

पोळा लांब आहे, म्हणायची मी मनाशी. पोळा लांब आहे.

निघाले त्या दिवशी नदी दुथडी भरली होती. सोमारीने लुगडं धरून ठेवलं होतं, ते सोडवावं लागलं. जंगू सासूच्या कडेवर होता. तो रडला नाही. हे चांगलंच झालं, असं तेव्हा मला वाटलं.

चांद्याच्या स्टेशनावर ते माजरीहून आले होते. लग्नातला सदरा घातला होता, माझी पत्र्याची पेटी त्यांनी खांद्यावर घेतली. दवाखान्याच्या कचेरीबाहेर म्हणाले, "तू जाय आत. मी इथीच उभा राह्यतो. खाणीचा माणूस पाहून कोणी काई म्हणन."

कारकून म्हातारा होता, भला होता. सातवीचे गुण पाहून मान हलवली. दाखला उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजली.

"बाई, तुमची पंचवीस पुरी झाली."

"नाई साहेब. पोळा अजून याचा आहे."

"पोळ्याचं काय?"

"माहा जलम पोळ्याचा आहे. औंदा धोंडा आला म्हणून पोळा समोर गेला. अजून मी चोवीसचीच आहे."

मागच्या टेबलावर कोणीतरी खुसखुसलं. म्हातारा हसला नाही. चष्मा काढून त्याने पुसला.

"सरकारला धोंडा नसतो, बाई. एकवीस ऑगस्ट होऊन गेला."

मी उभीच. मला वाटलं, याला नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आईने सांगितलेलं सांगितलं, की गावात बैल सजवत होते, भर दुपारी ग्रहण होतं आणि मी झाले. प्रेमिलाबाईंनीही होच म्हटलं होतं. तो ऐकत राहिला, मध्ये तोडलं नाही, म्हणून मला आशा वाटत राहिली.

"थोडक्यात गेलं हो," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या हातात नाही. वरून नाव परत येईल." मग आवाज उतरवून, "नवरा आहे?"

"आहेत. भायेर उभे आहेत."

"नाही, विधवांना पाच वर्षांची सूट असते. म्हणून विचारलं."

खिडकीतून ते दिसत होते. पेटीपाशी उकिडवे बसून काडेपेटीच्या काडीने नखांतला कोळसा कोरत होते, आत कोणी बोलावलंच तर हात स्वच्छ असावेत म्हणून. मी त्यांच्याकडे पाहत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. तेवढ्यात माझ्या मनात जे येऊन गेलं, ते मी इथेही लिहिणार नाही.

बाहेर आले. ते उठले. "झालं?"

"नाई."

"काऊन?"

"पंचवीस झाले मले."

"कवा?" ते खरंच विचारत होते.

"मांगच्या महिन्यात."

"पण पोळा तं अजून..."

"हो."

त्यांनी पेटी खांद्यावर घेतली. "चाल, चहा पिऊ." हॉटेलात त्यांनी बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. "होईन," म्हणाले. "पुढच्या साली..." आणि त्यांचं त्यांनाच कळलं. बशीतला चहा निवून गेला. त्यांची माजरीची पाळी होती. स्टेशनावर मला गाडीत बसवून ते गेले, आणि डबा हलला तरी मला सांगता आलं नाही की कारकुनाने अजून काय विचारलं होतं.

घाटावर सासू मासोळी घ्यायला आली होती. तिने मला पेटीसकट उतरताना पाहिलं. तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, आली का डाक्टरीण परत, तर मी रडले तरी असते. तिने फक्त जंगूला पुढे केलं. "घे."

मी हात पसरले. जंगूने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिच्या पाठीवरचं लुगडं मुठीत धरलं. मी ओढून घेतला तेव्हा परक्याने उचलावं तसा ताठ झाला. घरी येऊन मी छातीचा पट्टा सोडला, आंघोळ केली, अंग घासघासून धुतलं, त्याला मांडीवर घेतलं. पाण्यासारखा एक थेंब आला. त्याने मान फिरवली आणि "माय" म्हणून हाक मारली. त्याचा पहिला शब्द. हाक सासूला होती.

सासूने मेथ्या भिजवल्या, डिंक आणला. "खाय, येते दूध परत. माह्या जावेले आलतं." मी खाते. पण दूध आलं तरी त्याचं तोंड मी कुठून आणू? रात्री तो तिच्या कुशीत निजतो. तिला ते बोचतं, मला ठाऊक आहे. मी आले की ती त्याला खाली ठेवून उगाच कामाला उठते, आणि तो तिच्या मागे रांगत जातो.

तीन बोटं दुमडली, चौथं ताठ राहिलं. वल्हवायला शिकले, पण डोंगा घेऊन जायचं कुठे? सातवीचं पुस्तक वाचता येतं, पण गावात उद्या कोणाचं मूल आडवं आलं तर तीच म्हातारी, तेच हात. मी दाराशी उभी राहीन आणि मला एवढंच ठाऊक असेल की हे वळवता येतं. कसं, ते ठाऊक नसेल. आधी तेही ठाऊक नव्हतं, तेव्हा निदान देवाला बोल लावता येत होता.

काल पोळा झाला. शिंगांना बेगड लावलेले बैल तोरणाखालून गेले, आणि आमच्या पंचांगाप्रमाणे मला पंचवीस पुरी झाली. सासूने माझ्या पानात पुरणाची पोळी जास्तीची वाढली.

आज तान्हा पोळा, पोरांचा. सोमारी आपला लाकडाचा बैल घेऊन आत आली आहे. तिने जंगूचं पेजेने भरलेलं तोंड आपल्या झग्याने पुसलं, त्याला भिंतीच्या कडेला निजवलं, आणि आता माझ्या गुडघ्याला टेकून बसली आहे. मी काय लिहिते ते तिला वाचता येत नाही अजून. बैलाचं चाक बोटाने फिरवत तिने माझ्याकडे न बघताच विचारलं,

"आई, तुले जायाचंच नव्हतं, तं जंगूले कडू काऊन लावलं?"