चार टाके

"फक्त चार टाके मारायचेत, वहिनी. तुमच्या मशीनला काय जड आहे?" असं म्हणत दिराने बोटाएवढं एक लेबल तिच्यासमोर ठेवलं.

ती गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे तिला मास्तरीण म्हणत. लेबलाशेजारी तिच्या नवऱ्याचा लाल पट्टा पडला होता. रेसच्या गाडीत चालवणाऱ्याला खांद्यांपासून कमरेपर्यंत सीटला जखडून ठेवतो, तसला. नवरा तापाने गेला तेव्हापासून तो पट्टा दुकानाच्या भिंतीवर टांगलेला असे. त्याची मुदत कधीच उलटून गेली होती. पण रविवारी लेकीची पहिली रेस होती, तिला बाबांचाच पट्टा हवा होता, आणि ट्रॅकवरचा तपासनीस लेबलावरची तारीख तेवढी बघायचा.

"हे कुठून आणलंत, भावजी?"

"भंगारवाल्याकडून. मागे ती पांढरी गाडी कठड्यावर आदळली ना, तिच्या पट्ट्याचं आहे, मुदत अजून बाकी आहे. चालवणारा गेला बिचारा. त्याला काय करायचंय आता?"

लेबलाच्या कडेला तपकिरी डाग होता.

"ऑइल असेल," दीर म्हणाला आणि त्याने अंगठ्याने तो डाग खरवडला.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक मास्तरणीने ऐकले होते, पण ते असे हसत हसत 'वहिनी, चहा टाका' म्हणत घरात येतात, हे तिला माहीत नव्हतं. गल्लीत हा धंदा सर्रास चालायचा, हेही तिला ठाऊक होतं. दरवेळी ती नाही म्हणायची, आणि गिऱ्हाईक चार दुकानं सोडून दुसऱ्याकडून लेबल शिवून घ्यायचं.

"नायलॉनला काय होतंय? ते काय दूध आहे नासायला?" दिराने पट्टा दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "बघा! दादाच्या वेळचा माल आहे. हत्ती बांधा."

"हाताने ओढणं वेगळं आणि कठड्यावर आदळणं वेगळं."

"आई, पुरे ना आता!" लेक दारातूनच म्हणाली. "बाबा जिंकायचे ते हाच घालून. मला तो खांद्यावर हवाय. तूच तर इतकी वर्षं जपलास."

जपला! त्या शब्दाने मात्र मास्तरणीला स्वतःचीच किळस आली. खिडकीतून ऊन थेट ज्या भिंतीवर यायचं, तिथेच तिने तो टांगला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. रंग मळला की ब्लीच टाकून धुवायची आणि पुन्हा उन्हात लावायची. 'गाडी सावलीत लावा, ऊन दोरा खातं,' असं गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगणारी ही शहाणी!

तिने पट्ट्याची घडी उलगडली आणि खांद्याच्या जागेवर नख ओढलं. लालसर भुकटी नखात आली.

"हे बघ," तिने बोट लेकीपुढे धरलं.

"धूळ आहे ती," दीर म्हणाला.

मास्तरणीने रेक्झिन कापायची मोठी कात्री उचलली. लेक "आई, नको!" म्हणत धावली, तोवर एका खांद्याचा पट्टा कापून झाला होता. दुसरा कापताना कात्री जराही अडली नाही. नवा पट्टा कापताना हीच कात्री मध्येच अडते, दोनदा चालवावी लागते. लेकीने कागद कापल्यासारखा तो आवाज ऐकला आणि ती जागच्या जागी थांबली.

"वेड लागलंय बाईला," दीर म्हणाला. तो लेबल खिशात घालायला लागला, तेव्हा मास्तरणीने हात पुढे केला.

"ते इथेच ठेवा. उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकीला लावाल."

तो लेबल आपटून निघून गेला. चहा तसाच राहिला.

लेक खाली बसून तुकडे गोळा करत होती. "बाबांचं एवढंच होतं गं," ती रडत म्हणाली. आई शेजारी बसली, आणि लेक सरकली नाही, एवढंच.

रविवारी रेसच्या वेळी दोघी दुकानात कव्हरं शिवत होत्या. ऊन भिंतीवर आलं. सगळ्या भिंतीचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. फक्त खिळ्याखाली, पट्टा लटकायचा तिथे, दोन खांद्यांएवढा निळा रंग पहिल्या दिवसासारखा होता. लेक बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग उठली आणि तिने खिडकीला पडदा लावला.