हिरवळीच्या बाजूने

वॉली गिलिस गुडघ्यांवर बसला, चष्मा कपाळावर सारला आणि एक पान नखाने उचललं. पान पिळवटलं होतं. त्याच्या शेजारचंही. देठ वेडेवाकडे वर आलेले, टोकांना पिवळे पडलेले. त्याने हात लांब करून पलीकडचं पाहिलं, मग तसाच गुडघ्यांवर सरकत हिरवळीच्या मध्यापर्यंत गेला. दक्षिणेकडून वसंतातला गार वारा येत होता, पॅन्ट भिजून पायाला चिकटली होती, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हरामखोर," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

बाहेरून आलेल्याला ती हिरवळ गवताची वाटते. ती गवताची नाहीच. न्यूझीलंडच्या या टोकाला जुन्या क्लबांत बोल्स नावाच्या खेळातला गोळा घरंगळतो तो कोटुलावर. जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पानांची ही वेल. दुसऱ्या कुणाच्या अंगणात उगवली असती तर तण म्हणून खरवडून टाकली असती; वॉली मात्र तीस वर्षं क्लबची हिरवळ राखत तिच्यातून गवत उपटत आला होता. घरच्या लॉनमधली डेझी मारायला लोक जे औषध आणतात, ते चुकून जरी हिच्यावर पडलं तरी ही अशीच पिळवटून मरते. म्हणजे ते कोणीतरी इथे मारलं होतं. कोणी, याबद्दल वॉलीच्या मनात क्षणभरही शंका आली नाही.

डग मॅकर्डी. क्लबचा अध्यक्ष आणि वॉलीचा शाळेपासूनचा मित्र. वॉलीच्या लग्नात अंगठी त्याच्याच खिशात होती. वर्षभर डगने एकच तुणतुणं लावलं होतं: हिरवळ काढा, प्लास्टिकचा गालिचा घाला. पाऊस असो, दहिवर असो, बारा महिने खेळा. माणसं म्हातारी होत चाललीत, वॉलीही. त्याच्यामागे हे लाड कोण पुरवणार? शुक्रवारी सभा होती, हात वर करून निकाल लागायचा होता, आणि निम्मे सभासद डगकडे झुकले होते. त्यात मागच्या महिन्यात क्लबच्या बारमध्ये, हातात बिअरचा ग्लास धरून, डग सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एवढा वाद कशाला? एक डबा औषध पुरे. सकाळी उठाल तर भानगडच मिटलेली!" सगळे हसले होते. वॉलीही हसला होता.

पिळवटलेली पानं दिसली त्याच संध्याकाळी वॉली मातीने भरलेल्या गुडघ्यांनी तसाच बारमध्ये शिरला आणि पिळवटलेल्या पानांची मूठ डगच्या पुढ्यात टाकली.

"मिटली का भानगड?"

"हे काय?" डगने विचारलं.

"आता साळसूद होऊ नकोस. पुरला ना एक डबा, की अजून आणून देऊ?"

"वॉली, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गंमत केली होती रे मी."

"केलीस ना गंमत. माझ्या तीस वर्षांची केलीस."

मेंढ्या कातरणारा आयव्हन स्टुलावरून उठला. तो खरं तर डगच्या बाजूचा. "डग, गालिचा मलाही हवाय," तो म्हणाला. "पण हे? नीचपणाला काही हद्द असते, लेका."

"अरे, पण मी..." डगने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी त्याच्या नजरेला नजर देईना. त्याने ग्लास अर्धाच ठेवला, कोट उचलला आणि निघून गेला. तो गेला, म्हणजे त्यानेच केलं. गावाला तेवढं पुरलं. पेट्रोल पंपावर, बेकरीत लोक वॉलीचा हात धरून सांगायला लागले की काळजी करू नकोस, आमचं मत हिरवळीला.

सभेच्या आदल्या दिवशी तो शीळ घालत घरी आला. त्याची बायको नोलीन सभेसाठी चीज रोल करत होती. पावाच्या कापांना सारण फासून गुंडाळी करायची, ओळीने लावायची.

"आयव्हनसुद्धा फिरला आपल्याकडे," वॉली म्हणाला. "डगने आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला."

"मारलंय काय रे तिथे नेमकं?"

"डेझीचं औषध. दुसरं काय?"

नोलीनचा हात थांबला. "सगळीकडे?"

"फाटकाजवळ पार वाट लावलीय. पुढे पुढे कमी."

तिने सुरी खाली ठेवली. "वॉली, क्लबचा फवारणीचा पंप मी आणला होता. आपला गळतो ना. पुढच्या अंगणातल्या डेझींवर मारलं, आणि दोनदा विसळून होता तिथे ठेवला."

वॉली खुर्चीवर बसला. दोनदा विसळून ते औषध जात नाही. आणि त्याच पंपात बुरशीचं औषध भरून, तो पाठीवर घेऊन, फाटकापासून सुरुवात करून हिरवळीवर कोण फिरलं होतं? तोच. आधी जास्त, मग कमी, मग आणखी कमी. हे त्याला तिथेच, गुडघ्यांवर असताना दिसायला हवं होतं. दिसलंही असतं, डोळ्यांपुढे डग नसता तर.

"मला काय ठाऊक ते असं चिकटून बसतं म्हणून," नोलीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चल, डगकडे जाऊ. आत्ताच्या आत्ता. मी सांगते, चूक माझी."

"शनिवारी जाऊ."

"शनिवारी? सभा झाल्यावर?"

वॉली टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा करत राहिला.

"अरे, त्याच्या बायकोशी बोलेनासे झालेत लोक! मोराग आज दुकानात माझ्यासमोर रडली. आणि मी तिला काय सांगितलं? धीर धर!"

"उद्या हे बाहेर पडलं तर हिरवळ गेली, नोलीन. आपल्याकडे आलेले सगळे परत फिरतील. वर हसतील. गिलिसने स्वतःच जाळली म्हणतील."

"मग? खरंच आहे ना ते?"

"जळलंय ते मी पुन्हा आणीन. पण गालिचा एकदा आला की संपलं सगळं. एवढं कळत नाही तुला?"

"आणि शनिवारी सांगशील?"

"सांगेन म्हटलं ना!"

उभा जन्म या माणसाबरोबर काढलेली बाई ती. 'सांगेन म्हटलं ना' म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून द्यायला नको होतं. तिने सुरी उचलली आणि उरलेल्या पावांना सारण फासलं.

शुक्रवारी हॉल भरला. डग येणार नाही असं सगळे म्हणत होते. तो आला, एकटाच, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसला.

"मी काही मारलेलं नाही," तो म्हणाला. "ज्याला मानायचं त्याने मानावं." मागे कोणीतरी मुद्दाम खोकलं. दोघं-तिघं हसले. डगचे कान लाल झाले. "वॉली, तुला बोलायचंय?"

वॉली उभा राहिला. नोलीन मागे चहाच्या टेबलाशी, किटली हातात धरून, त्याच्याकडे पाहत होती. तो तिच्याकडे पाहायचं टाळून बोलला.

"मी काय बोलणार? जे झालंय ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

टाळ्या पडल्या. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं लोक आपापसांत म्हणाले.

"हिरवळीच्या बाजूने?" डगने विचारलं.

हातच हात वर झाले. आयव्हनने तर दोन्ही केले आणि हशा पिकला. वॉलीला आनंद झाला, खराखुरा झाला, आणि त्या क्षणी त्याला डगची आठवणही नव्हती.

डग हात मोजायच्या भरीस पडला नाही. "गालिच्याच्या बाजूने?" विचारायचं म्हणून त्याने विचारलं आणि उठायला खुर्ची मागे सारली.

मागे किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. नोलीनने ॲप्रनला हात पुसले आणि उजवा हात वर केला. माना वळल्या.

"अगं नोलीन, हिरवळीचं झालं मघाशी!" आयव्हन हसत ओरडला. "आता गालिच्याचं चाललंय!"

"ऐकलं मी," ती म्हणाली. हात तसाच होता. ती डगकडे पाहत होती.

हशा विरला. डग तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने सावकाश वॉलीकडे पाहिलं. वॉली बुटांकडे बघत होता.

"एक," डग म्हणाला.