तीनशे बोटी परतल्या

किशोरीचं डोकं कामात भलतं तल्लख, हे तिचा वैरीही कबूल करील. करंजा गावातल्या कोळ्याची ही पोर पनवेलच्या ऑफिसात कोड लिहिते, आणि गावच्या मच्छीमार सोसायटीचं अ‍ॅपही तिनंच बनवलेलं. बोट समुद्रात गेली की एक नोंद, परतली की दुसरी. ठरल्या संध्याकाळी जिची परतल्याची नोंद नाही, तिला शोधायला सोसायटी दोन बोटी सोडते.

चाचणीसाठी खोट्या नोंदी लागतात. त्या हातानं कोण टाकत बसणार? तिनं कोड लिहिला, एका दमात परतल्याच्या तीनशे नोंदी तयार करून डेटाबेसमध्ये टाकणारा. नावं 'बोट एक', 'बोट दोन' ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण मागच्या वेळी सोसायटीचे म्हातारे खो खो हसले होते, "ही कुनाची बोट गो?" म्हणून यंदा बाईसाहेबांनी गावातल्या खऱ्या बोटींची नावं घातली. काल दुपारी कोड चालवला आणि खुशाल चहाला गेली.

आज सकाळी काकूचा, गंगाबाईचा फोन. "किशोरे, काका तुज्याकडं आलाय काय गो? बोट काल दुपारीच आली. रातीला त्याच्या दोस्ताकडं, कुमारकडं झोपला असंल म्हटलं, पन अजून घरी नाय."

किशोरीनं कॉम्प्युटरवर नोंदी उघडल्या. काकाची 'एकवीरा कृपा', परतली, दोन वाजून दहा मिनिटं. खालची बोटही दोन-दहा. त्याखालचीही. तीनशेच्या तीनशे एकाच मिनिटाला परतलेल्या! कोडमधला पत्ता चाचणीच्या डेटाबेसचा नव्हताच, सोसायटीच्या चालू डेटाबेसचा होता. अरे देवा, हे काय करून बसले मी!

एक आज्ञा दिली की सगळ्या नोंदी पुसल्या जाणार, कुणाला पत्ताही लागणार नाही. हात कीबोर्डवर गेलासुद्धा. तो तिनं मागे ओढला आणि सोसायटीचे सेक्रेटरी काळूराम यांना फोन लावला.

"दादा, काकाची बोट आलेली नाय. ती नोंद खोटी हाय, मी टाकलेली."

"काय बोलतेस!" काळूरामांचा आवाज चिरकला. "काल डिझेल भरून दोन बोटी उभ्या केल्या व्हत्या गो. त्या माघारी पाठवल्या." फोन तसाच टाकून ते धक्क्याकडे धावले.

आता काकूला सांगायचं होतं. किशोरीनं तिचा नंबर फिरवला.

"काकू, बोट आलीच नाय."

"येडी झालीस काय?" गंगाबाई हसलीच. "काल काळूराम बोलत व्हता, मोबाईलवर आली दिसते, पन धक्क्यावर कुनी बगितली नाय, बोटी घेऊन शोधून येतो. मीच त्याला घरी धाडला. म्हटलं, माजे पोरीनं बनवलंय ते, खोटं दाखवंल काय?"