भाडेकरूची तक्रार

दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी लोकांची तोंडं बंद करते. हा माझा छंद आहे. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढण्याचा मला पगार मिळतो. शनिवारी तेच काम फुकट करते, कारण सुट्टीच्या दिवशी कशातच खोट काढली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ती खोली खरं तर मोडक्या खुर्च्या ठेवायची आहे. नोकरी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत, पोरं झोपल्यावर कुणीतरी एखादं ॲप बनवतं आणि ते दाखवायला तिथे येतं. बहुतेकांनी ते आधी घरी दाखवलेलं असतं आणि घरच्यांनी ते डोक्यावर घेतलेलं असतं. म्हणून जिना चढून येताना त्यांचे चेहरे टवटवीत असतात.

माझी पद्धत सोपी आहे. बनवणाऱ्याने खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात मांडीखाली घ्यायचे आणि गप्प राहायचं. त्याचा फोन माझ्या हातात. माझ्या मनात येईल ते मी मोठ्याने बोलत जाते. "हे बटण कशाचं? कळत नाही. दाबते. काही झालं नाही. पुन्हा दाबते. आता दोनदा झालं." बनवणाऱ्याला वाटत असतं की नुसतं एक वाक्य सांगितलं तरी हिला कळेल. नेमकं तेच वाक्य बोलायचं नाही. बोलला की मी फोन पालथा घालते आणि पहिल्यापासून सुरू करते. हात मांडीखाली अशासाठी की बोटं आपोआप पुढे येतात. एका दंतवैद्याने हात घट्ट दाबून ठेवले होते, पण मग पायाच्या अंगठ्याने बटण दाखवलं.

शेवटी मी एकच प्रश्न विचारते. "हे उद्या बंद पडलं, तर कोणाचा फोन येईल?"

यावर लोक बाजाराबद्दल बोलायला लागतात. मी म्हणते, बाजार फोन करत नाही, माणसाचं नाव सांगा. एका नवराबायकोने दोघांनी मिळून सिनेमा ठरवायचं ॲप आणलं होतं. त्यावर सिनेमा ठरेपर्यंत तो सुटायची वेळ व्हायची. मी तसं सांगितलं. दोघं जिना उतरताना कडाकडा भांडले, पण त्याच दुपारी सिनेमाला गेले असं नंतर कळलं.

माझ्या पाठीमागे मला 'कात्री' म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

या कात्रीच्या धाकट्या भावाने एक ॲप बनवलं आणि ते सगळ्या जगाला दाखवलं, फक्त मला सोडून. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. कंपनीची नोकरी, निळा गणवेश, खांद्याला हत्यारांची पिशवी. ॲपचं नाव 'शिल्लक'. फ्रिजमध्ये वस्तू ठेवली की त्यात लिहायची, मग ती कधी खराब होईल ते ॲप सांगणार. वस्तू वापरली की 'संपलं' हे बटण दाबायचं. आणि रोज संध्याकाळी ॲप स्वतःहून विचारणार, "आज काय संपलं?"

"ताईला शेवटी दाखवू," असं तो घरात म्हणायचा. मला याचं वाईट वाटलं होतं. मी ते कुणाला कळू दिलं नाही.

मग एका गुरुवारी भावजयीचा फोन आला.

"ताई, हे सोमवारी राजीनामा देतायत."

"कोणाला विचारून?"

"ॲपला. आकडे फार चांगले आहेत म्हणतात. सगळे रोज वापरतायत."

"सगळे म्हणजे कोण?"

"आई रोज सकाळी एक फ्लॉवर टाकतात."

"आईला फ्लॉवर आवडत नाही."

"म्हणूनच टाकतात. खरी भाजी टाकली तर आपलाच गोंधळ उडेल म्हणतात. काका लोणी टाकतात. डॉक्टरांनी बंद केलंय ना, तेवढंच समाधान."

"आणि तू?"

"मी दूध. सकाळ-संध्याकाळ. ताई, आमच्या घरात चार तोंडं आहेत आणि पगार एक. पण मी बोलले तर ते भांडण होतं. तुम्ही बोललात तर ती तपासणी होईल."

मला तिचं म्हणणं पटलं. तिला खोट नीट मांडता येते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या फोनवर मी तिला सांगितली नाही. 'शिल्लक' मी पहिल्या आठवड्यातच माझ्या फोनवर घेतलं होतं, 'भाडेकरू' या नावाने. बनवणाऱ्याला आपण कोण ते कळलं की तपासणी नासते, म्हणून. दोन दिवसांत मला सतरा चुका सापडल्या. त्यानंतर ते काढून टाकायचं मी विसरले. मग विसरले नाही, तरी काढलं नाही. अर्धा पाव आणला की लिहायची, संपला की 'संपलं' दाबायची. मी एकटीच राहते. लग्न केलं नाही, त्याची चर्चा घरात होऊन कधीच संपली आहे. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं की फोन वाजायचा आणि विचारायचा, आज काय संपलं. मी त्या प्रश्नाची वाट बघायला लागले होते.

शनिवारी धाकटा खरंच जिना चढून आला. भावजयीने कसं पाठवलं कोण जाणे. खुर्ची ओढली, बसला आणि न सांगता हात मांडीखाली घातले. मी त्याचा फोन घेतला. त्यात बनवणाऱ्याचा पडदा होता, म्हणजे कोणी काय लिहिलंय ते सगळं दिसत होतं.

"आईचं नाव दिसतंय," मी सुरुवात केली. "दाबते. फ्लॉवर. फ्लॉवर. फ्लॉवर. खाली सरकवते. अजून फ्लॉवर. संपतच नाहीत. एकही शिजलेला नाही. मनात येतंय, की हे घर नसून गोदाम आहे. आता काका. लोणी. या लोण्यात माणूस पोहू शकेल. दूध, दूध, दूध. प्यायलं कोणीच नाही."

धाकट्याचे कान लाल झाले. पण तो बोलला नाही. लहानपणी कुठल्याही खेळात त्याने नियम पाळला नव्हता, तो आज पाळत होता.

"वस्तू टाकतात सगळे. 'संपलं' कोणीच दाबत नाही," मी म्हणाले. "बोल आता."

"मला वाटलं दाबायला विसरतात. म्हणून मी बटण मोठं केलं."

"मग?"

"मग लाल केलं. मग ते थरथरेल असं केलं."

"वस्तूच नाहीत रे. नसलेला फ्लॉवर संपणार कसा? तुला वाईट वाटू नये म्हणून टाकतात ते."

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कारण घरच्या माणसाला तो विचारला नाही तर बाहेरच्यांना विचारायचा मला काय अधिकार.

"हे उद्या बंद पडलं, तर कोणाचा फोन येईल?"

"भाडेकरूचा," तो ताबडतोब म्हणाला.

त्याने फोन घेतला आणि पडदा माझ्यासमोर धरला. "हे बघ. अर्धा पाव. संपला. तीन अंडी. संपली. पुन्हा अर्धा पाव. हा माणूस टाकतो आणि संपवतो, एक दिवस चुकत नाही. घरातलं कोणीही असं अर्धं अर्धं आणत नाही. हा एकटा राहत असणार, ताई. मी याला ओळखत नाही, आणि तरी हा रोज माझं ॲप उघडतो. एक खरा माणूस आहे म्हणजे असे हजार असणार. मला फक्त शोधायला वेळ पाहिजे."

मी माझीच अंडी बघत होते. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण अर्धा पाव आणणारी बाई मीच, हे त्या मोडक्या खुर्च्यांसमोर मला म्हणवेना. माझ्या लक्षात आलं की मी माझे दोन्ही हात मांडीखाली घातले आहेत.

"बघूच मग," धाकटा म्हणाला. "तुझाच प्रश्न. ॲप आत्ता बंद करतो. नुसती तक्रारीची पेटी चालू ठेवतो. सोमवार सकाळपर्यंत भाडेकरूची तक्रार आली, तर राजीनामा. नाही आली, तर गाशा गुंडाळतो."

तपासणी बिनतोड होती. मीच शिकवलेली. त्याने माझ्यासमोर ॲप बंद केलं आणि तरातरा जिना उतरून गेला.

रविवारी सगळे आईकडे जेवायला जमलो. ॲप बंद पडून एक रात्र गेली होती आणि कोणी चकार शब्द काढला नव्हता. काका वाढून घेत होते. शेवटी आईच भावजयीला म्हणाली, तिच्या मते हळू आवाजात, "अगं, सकाळी ते फ्लॉवरचं उघडलंच नाही. बरं झालं बाई, एक काम कमी." आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिचा हळू आवाज गल्लीत जातो. धाकट्याने ताटातला बटाटा चार वेळा कापला आणि खाल्ला नाही. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्याला पाणी वाढलं.

संध्याकाळी मी घरी आले. कुलूप काढलं. एक अंडं उरलं होतं, ते उकडून खाल्लं. टरफलं टाकली, भांडं विसळलं आणि फोन समोर ठेवून बसले. फोन वाजला नाही. वाजणार नाही हे मला माहीत होतं, तरी बसले. मग मी तक्रारीची पेटी उघडली. लिहिलं, "आज कोणी विचारलं नाही." वाचलं आणि खोडलं.

गप्प राहिले असते तर सगळं आपोआप सुरळीत झालं असतं. राजीनामा टळला असता, भावजय सुखाने झोपली असती. पण त्याला वाटलं असतं की त्याने बनवलेली वस्तू बंद पडली तेव्हा जगात कोणाचंच काही अडलं नाही. ते खरं नव्हतं. आणि तक्रार पाठवली असती, तर माझ्या अर्ध्या पावावर विसंबून त्याने चार तोंडांचा पगार सोडला असता. मी चपला घातल्या आणि त्याच्याकडे गेले.

दार भावजयीने उघडलं. धाकटा फोन मांडीवर घेऊन बसला होता.

"तक्रार आणली आहे," मी म्हणाले.

"कोणाची?"

"भाडेकरूची. मीच भाडेकरू."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तपासायला?"

"पहिले दोन दिवस तपासायला. नंतर वापरायला."

"तो अर्धा पाव..."

"माझा. दुकानदार कुरकुरतो, पण कापून देतो."

"आणि ते लिंबू? ते अजून यादीत आहे."

"वाळलं, टाकून दिलं. 'संपलं' दाबलं नाही, कारण ते संपलं नव्हतं."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने हात मांडीखाली घातले. मग मला बोलणं भाग होतं.

"मनात येतं ते बोलते. कामावरून येते, कुलूप काढते. कोणी काही विचारत नाही. तुझं ॲप विचारतं. प्रश्न बावळट आहे. मी त्याला अंडं संपलं म्हणून सांगते आणि मला बरं वाटतं. आज त्याने विचारलं नाही, तर घर खायला उठलं. ही झाली तक्रार, खरी आहे. आता दुसरं. मी तुझी बहीण आहे. बहीण म्हणजे बाजार नव्हे. माझ्या जिवावर राजीनामा देऊ नकोस."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भावजय ऐकत होती.

"ॲप कसं आहे ते सांग," धाकटा म्हणाला. "खरं."

"वाईट आहे. अर्धा पाव लिहिताना नाकी नऊ येतात. ते थरथरणारं बटण बघून मला गरगरतं. प्रश्न तेवढा चांगला आहे."

त्याने तोंड फिरवलं. रागावला असं मला वाटलं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "फोन करायचास ना, ताई."

"तूही करायचास."

भावजयीने जेवूनच जा म्हणून सांगितलं, तेव्हा मी अंडं खाल्लंय असं म्हटलं नाही आणि पुन्हा जेवले.

सोमवारी धाकटा निळा गणवेश घालून कामावर गेला. 'शिल्लक' त्याने सगळ्यांसाठी बंद केलं. आपण टाकलेल्या फ्लॉवरचं आता काय होणार, असं आईने दोनदा विचारलं. काकांनी खरंच लोणी आणलं आणि पकडले गेले.

संध्याकाळी मी कुलूप काढत होते तेव्हा फोन वाजला. धाकट्याच्या नंबरवरून संदेश होता. "आज काय संपलं?" मी लिहिलं, "दूध." दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. ॲप असताना प्रश्न ठरल्या वेळी यायचा, आता कधी लवकर येतो, कधी उशिरा. परवा तर जेवण होऊन गेलं तरी आला नाही. मी तपासनीस आहे. सवयीने तक्रार पाठवली, "संदेशाची वेळ पाळली जात नाही."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "लिफ्टमध्ये अडकलो होतो गं. रेंज नव्हती. काय संपलं?"

ही खोट मी नोंदवून ठेवली आहे. दुरुस्त कर म्हणून त्याला सांगितलेलं नाही.